रेव्हिटमधली टेम्पररी डायमेन्शन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेव्हिट या इमारतींची ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत निवडली की तिच्या आजूबाजूला निळी मापं उमटतात आणि बाहेर कुठेतरी क्लिक केलं की ती विरून जातात. ऑफिसात नव्याने आलेली मुलंमुली मला सगळ्यात जास्त प्रश्न याच मापांबद्दल विचारतात. कुणाला ती नको असतात, कुणाला हवी तिथे मिळत नाहीत, कुणाचा आकडा साईटवर जुळत नाही. या प्रश्नांची उत्तरं देताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. आकडा सहसा चुकलेला नसतो. तो कुठून कुठपर्यंतचा आहे, हे आपण बघितलेलं नसतं. म्हणून इथे रंग आणि अक्षरांच्या आकारापेक्षा मापाच्या दोन टोकांबद्दल जास्त लिहिलं आहे. शेवटी ऑटोकॅड आणि स्केचअप या ड्रॉइंगच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही थोडं आहे, कारण बहुतेक ऑफिसांत तिन्ही चालतात.

टेम्पररी डायमेन्शन म्हणजे नेमकं काय? साध्या डायमेन्शनपेक्षा ते वेगळं कसं?

तुम्ही एखादी वस्तू ठेवता किंवा निवडता, तेव्हा ती शेजारच्या वस्तूंपासून किती अंतरावर आहे हे रेव्हिट आपणहून दाखवतं. ते टेम्पररी डायमेन्शन. ते ड्रॉइंगचा भाग नसतं, त्यामुळे ते शीटवर जात नाही आणि प्रिंटमध्येही येत नाही. पण ते नुसतं दाखवण्यापुरतंही नसतं. त्या आकड्यावर क्लिक करून नवा आकडा लिहिला की वस्तू तेवढ्या अंतरावर जाऊन बसते.

भिंत काढत असताना तर क्लिकसुद्धा लागत नाही. माऊस हव्या त्या दिशेला धरायचा, ३६०० टाईप करायचं, एंटर दाबायचं, की भिंत ३६०० मिलिमीटरची होते. आकडा घ्यायला तयार असलेलं माप तेवढ्यापुरतं ठळक दिसतं. ही सवय हाताला लागली की काम दुप्पट वेगाने होतं, म्हणून पहिल्याच दिवशी मी हीच शिकवते.

मी आकडा बदलला आणि भलतीच भिंत सरकली. असं का?

जी वस्तू निवडली आहे तीच सरकते. सगळी गोम एवढीच आहे. बेडरूम आणि पॅसेजमधली भिंत हलवायची असेल तर तीच निवडा. समोरची बाहेरची भिंत निवडून मधलं अंतर बदललंत, तर बाहेरची भिंत सरकेल आणि तिच्याबरोबर वरचा स्लॅब, छत, खिडक्या, जे जे तिला जोडलेलं असेल ते सगळं हलेल. आकडा लिहिण्याआधी मनात एक वाक्य म्हणायचं, ‘कोण हलणार?’ खिडकीचंही तसंच आहे. खिडकी निवडली की दोन्ही बाजूंची मापं दिसतात. डावीकडचा आकडा बदलला की खिडकीच सरकते आणि उजवीकडचं माप आपोआप बदलतं.

स्क्रीनवर संडासाची रुंदी १२०० दिसत होती, साईटवर मात्र १००० सुद्धा धड भरत नाही. चूक कुणाची?

हा प्रश्न मला स्वतःला फार महागात पडला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एका बंगल्याच्या कामात टॉयलेटची आतली मोकळी रुंदी १२०० हवी होती. एका बाजूला नऊ इंची, म्हणजे २३० ची भिंत आणि दुसऱ्या बाजूला साडेचार इंची, म्हणजे ११५ ची. मी मधली भिंत निवडली, निळ्या मापावर १२०० लिहिलं आणि पुढच्या खोलीकडे वळले. ते माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं होतं. आता हिशोब बघा. नऊ इंची भिंतीचे अर्धे ११५ गेले आणि साडेचार इंची भिंतीचे अर्धे साडेसत्तावन्न गेले. एकूण १७२.५ वजा झाले आणि विटेपासून विटेपर्यंत उरले १०२७.५. दोन्ही बाजूंचा बारा-बारा मिलिमीटरचा गिलावा धरला की १००३.५. त्यावर टाईल आणि तिच्यामागचा मसाला. विटांचं काम लिंटेलपर्यंत आल्यावर मुकादमाने टेप लावला आणि फोन केला. भिंत उतरवावी लागली.

रेव्हिटने मला खोटं काही सांगितलं नव्हतं. मध्यापासून मध्यापर्यंत अगदी १२०० च होते. गवंडी मात्र विटेच्या तोंडापासून तोंडापर्यंत मोजतो आणि घरात राहणारा माणूस टाईलपासून टाईलपर्यंत वावरतो. तेव्हापासून कुठल्याही निळ्या आकड्याकडे बघताना मी आधी त्याच्या दोन्ही टोकांचे ठिपके बघते, मग आकडा वाचते.

मग माप भिंतीच्या तोंडापासूनच यावं, अशी सोय कायमची करता येते का?

येते. मॅनेज टॅबवर सेटिंग्ज पॅनेलमध्ये ॲडिशनल सेटिंग्ज उघडा आणि त्यात टेम्पररी डायमेन्शन्स निवडा. एक छोटी चौकट उघडेल. भिंतींसाठी चार पर्याय असतात : सेंटरलाईन (पूर्ण भिंतीचा मध्य), फेसेस (पूर्ण भिंतीची तोंडं), सेंटर ऑफ कोअर आणि फेसेस ऑफ कोअर. कोअर म्हणजे भिंतीचा गाभा, आपल्याकडे बहुतेक वेळा वीट. दारं-खिडक्यांसाठी दोन असतात : सेंटरलाईन आणि ओपनिंग्ज.

सेंटरलाईन आणि सेंटर ऑफ कोअर यांत फरक काय, असं लगेच विचारलं जातं. भिंतीच्या टाईपमध्ये तुम्ही नुसती वीट ठेवली असेल तर काहीच फरक नाही. पण गिलावाही थर म्हणून घातला असेल तर फरक पडतो. बाहेरून २०, मध्ये २३० ची वीट आणि आतून १२ अशी भिंत धरा. एकूण जाडी २६२. पूर्ण भिंतीचा मध्य बाहेरच्या तोंडापासून १३१ वर येतो आणि विटेचा मध्य २० अधिक ११५, म्हणजे १३५ वर. चार मिलिमीटरचा फरक. चार मिलिमीटर म्हणजे जेमतेम सव्वा सूत, असं कुणी म्हणेल. पण कॉलमच्या ग्रिडला, म्हणजे कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषांना, भिंतीचा मध्य जुळवताना हेच चार मिलिमीटर प्रत्येक मापात डोकं वर काढतात आणि ३५०० च्या जागी ३४९६ दिसायला लागतं. ड्रॉइंग तपासणारा इंजिनीअर मग तुम्हाला विचारतो की हे काय आहे.

ही सेटिंग त्या प्रोजेक्ट फाईलसोबत राहते. म्हणजे एकाच फाईलवर काम करणाऱ्या सगळ्यांना मापं सारखीच दिसतात आणि दुसरी फाईल उघडली की तिची स्वतःची सेटिंग लागू होते. ‘काल बरोबर येत होतं, आज का नाही’ या तक्रारीचं निम्म्या वेळा उत्तर हेच असतं. काल फाईल वेगळी होती.

चारपैकी कुठला पर्याय लावू?

कामाच्या टप्प्यावर अवलंबून आहे. माझं मत विचाराल तर बहुतेक काळ फेसेस ऑफ कोअर लावून ठेवा. विटेचं तोंड हेच साईटवर आखायचं असतं. गवंडी लाईनदोरी त्याच्यावरच धरतो आणि गिलावा नंतर चढतो.

सेंटरलाईन ड्रॉइंग करत असाल, म्हणजे जमिनीवर फक्की टाकून पायाची आखणी ज्यावरून होते ते, तर सेंटर ऑफ कोअर लावा. आतली फर्निचरची, किचन ओट्याची, वॉर्डरोबची मापं घेत असाल तर फेसेस, कारण सुताराला तयार गिलाव्यापासूनचं अंतर लागतं.

फ्लॅट स्कीमच्या कामात आणखी एक बाजू आहे. रेरा, म्हणजे २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, बाहेरच्या भिंतींखालची जागा धरत नाहीत, पण आतल्या पार्टिशन भिंतींखालची जागा धरतात. शाफ्ट, त्या फ्लॅटची खास बाल्कनी आणि उघडी गच्चीही त्यातून वगळलेली असते. म्हणजे एकाच खोलीच्या दोन बाजूंच्या भिंतींना दोन वेगळे नियम लागू शकतात. मध्यापासून मोजलेल्या रुंदीला मध्यापासून मोजलेल्या लांबीने गुणून कुणी कार्पेट काढत असेल तर त्याला तिथेच थांबवा. चौरस मीटर कागदावर वाढलेले दिसतील आणि ग्राहकाच्या हातात तेवढे येणार नाहीत.

दारं-खिडक्यांना मी ओपनिंग्ज ठेवते. कोपऱ्यापासून चौकटीपर्यंत किती वीट येणार, हे गवंड्याला त्यातून थेट कळतं.

सेटिंग न बदलता फक्त एकाच मापाचं टोक बदलायचं आहे.

मापाच्या टोकाला जो छोटा निळा ठिपका असतो त्यावर क्लिक करा. प्रत्येक क्लिकला टोक पुढच्या जागी जातं : भिंतीचं एक तोंड, मध्य, दुसरं तोंड, असं फिरत राहतं. दार-खिडकीच्या बाबतीत कड आणि मध्य. माझ्या मते अख्ख्या रेव्हिटमध्ये इतकं उपयोगी आणि इतकं दुर्लक्षित दुसरं काही नसेल. वर्षानुवर्षं काम करणारी माणसंही त्या ठिपक्यावर कधी क्लिक केलेलं नाही असं सांगतात.

माप शेजारच्या भिंतीपर्यंत येतं, मला ते लांबच्या ग्रिडपर्यंत हवं आहे.

तोच ठिपका माऊसने धरून ग्रिडपर्यंत ओढा. ग्रिड उजळली की सोडा. आता आकडा त्या ग्रिडपासूनचा दिसेल आणि बदलला तर वस्तूही त्या हिशोबाने सरकेल. मध्ये कितीही भिंती आल्या तरी चालतं. पडद्यावर ग्रिड दिसत नसेल तर थोडं झूम आऊट करा, नाहीतर ओढायचं कुठे?

आकडे इतके बारीक दिसतात की डोळे ताणावे लागतात.

फाईल मेनूत ऑप्शन्स, त्यात ग्राफिक्स. टेम्पररी डायमेन्शन टेक्स्ट अपिअरन्स असा भाग आहे. सुरुवातीला आकार ८ असतो. मोठ्या रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर १२ किंवा १४ करा. तिथेच बॅकग्राऊंड पारदर्शक की अपारदर्शक हेही ठरवता येतं. हॅच आणि टाईल्सच्या रेघांनी भरलेल्या प्लॅनवर अपारदर्शक ठेवलं तर आकडा स्वच्छ वाचता येतो, फक्त त्याच्यामागचं तेवढं ड्रॉइंग झाकलं जातं.

ही सेटिंग मात्र फाईलची नाही, तुमच्या कॉम्प्युटरची आहे. शेजारच्या टेबलावर तीच फाईल उघडली तर आकडे तिथल्या आकाराचे दिसतील. मापाची टोकं फाईलसोबत जातात आणि दिसणं मशीनपाशी राहतं, एवढं ध्यानात ठेवा.

ही मापं पूर्ण बंद करता येतात का?

रेव्हिटमध्ये तसं बटण नाही. फारच अडथळा होत असेल तर अक्षरांचा आकार कमी करणं एवढंच हातात आहे. खरं सांगायचं तर बंद करावीशी वाटतात ती सहसा मापं भलत्या जागी येतात म्हणून. टोकं नीट लावून घेतली की तीच मापं हवीशी वाटू लागतात.

भिंत ओढताना आकडा ५ किंवा २० च्या टप्प्याने उडतो. मला मधला आकडा मिळत नाही.

मॅनेज टॅबवर स्नॅप्स उघडा. तिथे लांबीच्या टप्प्यांची ओळ आहे. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये ती १०००, १००, २०, ५ अशी असते आणि आकडे अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. यातला कुठला टप्पा लागू होईल ते झूमवर ठरतं. लांबून बघत असाल तर मोठा टप्पा, जवळ गेलात तर लहान. म्हणजे कित्येकदा काहीही न बदलता नुसतं झूम इन केलं तरी भागतं. त्या ओळीत स्वतःचा टप्पा वाढवता येतो. मी ५० आणि १० घालून ठेवलेत.

पण माऊसने ओढून नेमका आकडा गाठण्याचा प्रयत्नच कशाला करायचा? अंदाजे जागी सोडा आणि आकडा लिहा.

त्याच चौकटीत स्नॅप्स ऑफ असा एक चौकोन असतो. चुकून त्यावर टिक राहिली की कोपऱ्याला कोपरा मिळेनासा होतो आणि माणूस अर्धा दिवस माऊसला दोष देत बसतो.

प्रोजेक्ट मिलिमीटरमध्ये आहे, मालक फूट-इंचात बोलतात. दर वेळी कॅल्क्युलेटर काढायचा का?

मुळीच नाही. निळ्या आकड्याच्या जागी फूट-इंचाच्या खुणांसकट १०'६" लिहा. रेव्हिट स्वतः त्याचे ३२००.४ मिलिमीटर करून घेईल. प्रोजेक्टच फूट-इंचात असेल तर खुणाही नकोत. १० लिहून एक जागा सोडून ६ लिहिलं की दहा फूट सहा इंच झाले.

बेरीज-भागाकारही तिथेच होतो. बरोबरचं चिन्ह टाकून =५५००/२ असं लिहा, भिंत २७५० वर जाऊन बसेल. खिडकी मध्यावर आणायला हे फार कामाचं आहे.

३२०० लिहिलेलं दिसतं, पण पाच खोल्यांची बेरीज केली तर दोन मिलिमीटर जास्त येतात.

वरच्याच उत्तरातला ३२००.४ आठवा. पडद्यावर किती अचूक आकडा दिसावा हे प्रोजेक्ट युनिट्समधलं राऊंडिंग ठरवतं. शून्य दशांश ठेवले असतील तर ३२०० दिसेल, आत मात्र ३२००.४ बसलेलं आहे. पाच खोल्या एकापुढे एक लावल्या की दोन मिलिमीटर झाले. फूट-इंचात सुरू करून मध्येच मिलिमीटरमध्ये आलेल्या प्रत्येक फाईलमध्ये हे असतंच.

उपाय असा की तपासणीच्या वेळी राऊंडिंग दोन दशांशांवर न्या, भिंती एकेक निवडून बघा आणि जिथे दशांशाचं शेपूट दिसेल तिथे पूर्ण आकडा पुन्हा लिहा. मग राऊंडिंग परत शून्यावर आणा. कंटाळवाणं काम आहे, पण वर्किंग ड्रॉइंग बाहेर पाठवण्याआधी मी ते करायला लावतेच.

दोन भिंतींच्या मधलं माप दिसतच नाही.

त्या भिंती समांतर नाहीत. डोळ्यांना समांतर वाटतात, पण नसतात. सरळ अंतर समांतर वस्तूंमध्येच मोजता येतं, म्हणून रेव्हिट गप्प बसतं किंवा नुसता कोन दाखवतं.

भिंत निवडा आणि कोनाचा आकडा बघा. कोनाचं राऊंडिंग पूर्ण अंशांवर असेल तर तिथे ९० च दिसेल. तेही दोन दशांशांवर न्या, मग कदाचित ८९.९५ दिसेल. ०.०५ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दहा मीटर लांब भिंतीच्या टोकाला तो जवळपास ९ मिलिमीटरचा फरक होतो. रेव्हिट बिचारं रेघ अक्षापासून किंचित हललेली आहे असा इशाराही देतं आणि आपण तो न वाचता बंद करतो.

ही भानगड बहुतेक वेळा ऑटोकॅडच्या सर्व्हे ड्रॉइंगवरून भिंती गिरवल्यामुळे होते. जुन्या पेठांमधल्या प्लॉटच्या हद्दी काटकोनात नसतात. त्या तिरक्या असणं खरंच आहे आणि त्या तशाच ठेवायच्या. पण आतल्या खोल्यांच्या भिंती गिरवताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे रेघ सरळच जाईल. तिरक्या बाजूला समांतर खोल्या हव्या असतील तर आधी एक भिंत किंवा रेफरन्स प्लेन त्या कोनात पक्की करा आणि बाकीच्या तिच्यावरून ऑफसेटने घ्या. प्रत्येक भिंतीचा कोन हाताने लिहायला गेलात तर एखादी हमखास सुटते.

चार-पाच वस्तू एकदम निवडल्या की मापं गायब होतात.

वर ऑप्शन्स बारवर ॲक्टिव्हेट डायमेन्शन्स असं बटण येतं, ते दाबा. मोठ्या मॉडेलमध्ये सगळी मापं काढत बसलं तर काम अडकतं, म्हणून रेव्हिट विचारल्याशिवाय ती दाखवत नाही.

माप दिसतं, पण आकड्यावर क्लिक केलं तरी बदलत नाही.

तीन ठिकाणी बघा. वस्तूला पिन (जागेवर खिळवून ठेवणारी खूण) आहे का, ती एखाद्या ग्रुपमध्ये आहे का आणि ती कुठल्या कुलूपबंद मापाने बांधलेली आहे का. पिन असेल तर काढण्याआधी क्षणभर विचार करा. ग्रिड आणि लेव्हल्स मुद्दाम पिन करून ठेवलेल्या असतात आणि ते कुणीतरी शहाण्या माणसाने केलेलं असतं. ग्रुप असेल तर एडिट ग्रुपमध्ये जाऊन बदला, पण मग त्या ग्रुपच्या सगळ्या प्रती बदलतील. पंधरा मजल्यांवर तोच फ्लॅट असेल तर पंधराही.

निळं माप ड्रॉइंगवर कायम ठेवायचं आहे.

मापाखाली डायमेन्शनचं छोटं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं की ते पक्कं डायमेन्शन होतं. टोकं त्या क्षणी जिथे असतील तिथलीच राहतात, म्हणून आधी ठिपके तपासा आणि मग क्लिक करा.

पक्क्या मापावर कुलपाचं चिन्ह असतं. ते लावलं की अंतर बांधलं जातं. पॅसेजची रुंदी किंवा जिन्याची रुंदी अशा मोजक्या गोष्टींना कुलूप ठीक आहे. दिसेल त्याला कुलूप लावलं तर आठ दिवसांनी एक भिंत हलवायला गेल्यावर इशाऱ्यांची चौकट उघडते आणि कुणी काय बांधलंय ते शोधत बसावं लागतं. आणखी एक. कुलूपवालं माप नुसतं डिलीट केलं म्हणजे बंधन सुटलं, असं होत नाही. त्या वेळी जी सूचना येते तिच्यात अनकन्स्ट्रेन हे बटण असतं. बंधनही काढायचं असेल तर ते दाबावं लागतं. नुसतं ओके केलं तर माप दिसेनासं होतं आणि बंधन आत राहतं.

काहीही न हलवता नुसतं अंतर मोजायचं असेल तर?

मॉडिफाय टॅबवर मेजर नावाचं पॅनेल आहे, त्यातलं टेपचं चिन्ह वापरा. दोन बिंदू दाखवा, आकडा मिळेल, काही बदलणार नाही. दुसऱ्याची फाईल तपासताना मी हेच वापरते. निळ्या मापांना हात लावला आणि चुकून एंटर दाबला गेला, असं व्हायला नको.

ऑटोकॅडमध्ये कर्सरजवळ जे आकड्यांचे चौकोन येतात, ते कसे आवरायचे?

ते डायनॅमिक इनपुट. ऑटोकॅड २००६ या आवृत्तीपासून ते आहे. एफ-१२ ने चालू-बंद होतं. टॅबने लांबीच्या चौकोनातून कोनाच्या चौकोनात जाता येतं आणि टॅब दाबल्यावर आधीचा आकडा कुलूपबंद होतो.

इथे एक गोष्ट सगळ्यांना छळते. डायनॅमिक इनपुट चालू असताना दुसऱ्या बिंदूसाठी ३०००,० लिहिलं तर ते आधीच्या बिंदूपासून मोजलं जातं. बंद असताना तेच ३०००,० ड्रॉइंगच्या मूळ बिंदूपासून मोजलं जातं आणि रेघ कुठल्या कुठे जाते. म्हणजे शेजाऱ्याच्या मशीनवर जी सवय चालते ती तुमच्यावर चालत नाही आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असता. चालू असताना मूळ बिंदूपासून हवं असेल तर आकड्याआधी # लावा. बंद असताना आधीच्या बिंदूपासून हवं असेल तर @ लावा. एका ऑफिसात सगळ्यांनी एकच पद्धत ठेवणं उत्तम.

स्केचअपमध्ये आकड्याच्या आधी ~ अशी खूण येते. ती कशाची?

अंदाजे असल्याची. खरी लांबी दाखवलेल्या आकड्यात पूर्ण मावत नाही, हे स्केचअप प्रामाणिकपणे सांगतं. मॉडेल इन्फोमध्ये युनिट्स उघडून दशांश वाढवा म्हणजे शेपूट दिसेल. रेव्हिटनेही अशी एखादी खूण दिली असती तर माझं वरचं ३२००.४ चं उत्तर लिहावं लागलं नसतं. बाकी, स्केचअपच्या खालच्या कोपऱ्यातल्या मापाच्या चौकोनात क्लिक करायला जाऊ नका. रेघ किंवा चौकोन काढून झाला की थेट आकडा टाईप करून एंटर दाबायचं. चुकला तर पुढची कमांड घेण्याआधी पुन्हा नवा आकडा टाईप करता येतो.

जुनं घर लेझरने मोजून आणलं आहे. ती मापं रेव्हिटमध्ये कशी घालू?

लेझर गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजतो, त्यामुळे तुमच्या वहीतला प्रत्येक आकडा तयार तोंडापासूनचा आहे. भिंत काढताना लोकेशन लाईन, म्हणजे भिंत ज्या रेषेवरून आखली जाते ती, फिनिश फेस इंटेरिअर (आतलं तयार तोंड) अशी ठेवा आणि टेम्पररी डायमेन्शन्समध्ये भिंतींसाठी फेसेस. खोलीभोवती घड्याळाच्या दिशेने फिरत भिंती काढल्या की आतलं तोंड आत राहतं. उलटं झालं तर स्पेसबारने भिंत पलटते. आता वहीतला आकडा आणि निळा आकडा एकाच रेषेवरून मोजलेले आहेत.

चारही बाजू भरल्यावर शेवटचा कोपरा जुळला नाही, तर भिंत ओढून गाठ मारू नका. जुन्या घरात कोपरा काटकोनात नसण्याचीच शक्यता जास्त असते. खोलीचे दोन्ही कर्ण मोजून आणा. ते वहीत नसतील तर पुन्हा जाऊन या. एक फेरी वाढेल, पण त्या खोलीत नंतर बसणारं कपाट भिंतीला चिकटून बसेल.